डोक्यातलं वाक्य ‘तुला’ का म्हणतं?

पंचकुलात माझं आडनाव कोणाला काही सांगत नाही. विदर्भात आडनाव उच्चारलं की समोरच्याच्या डोळ्यांत हिशोब सुरू होतो. इथे हरियाणात ‘महाराष्ट्रातली आहे’ एवढ्यावर चौकशी बहुतेकदा थांबते. खोली भाड्याने घेताना कोणी ‘पूरा नाम’ विचारतं, पण पूर्ण नाव ऐकूनही त्यांच्या हाती फारसं लागत नाही. तरीही चंदीगडमधल्या एखाद्या चर्चासत्रात बोलायची वेळ आली की डोक्यात एक वाक्य येतंच : ‘तुला काय कळतंय यातलं?’ त्या खोलीत माझी जात कोणालाच माहीत नसते, मग हे बोलतं कोण?

अशा वाक्यांवर सध्या उपायांचा मोठा बाजार भरला आहे. सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी सक्षम आहे’ म्हणा, कृतज्ञतेची वही लिहा, नकारात्मक माणसं टाळा, माइंडसेट बदला. कोचिंग क्लासच्या भिंतींपासून मोबाईलवरच्या रील्सपर्यंत हेच सुरू असतं. सवयींना माझा विरोध नाही. सवयीने मन घडतं, हे खरं आहे. माझा आक्षेप निदानावर आहे. हे वाक्य तुमच्याच मनात तयार झालं, तेव्हा तुम्हीच ते एकट्याने पुसा, असं हा बाजार गृहीत धरतो.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अभ्यासकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधल्या सहावी-सातवीच्या मुलांना त्यांनी कागदावरची वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फारसा फरक दिसला नाही. मुलांची नावं आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवल्यावर मात्र दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घसरली. बुद्धी तीच होती, कोडीही त्याच प्रकारची होती. फक्त जात मोठ्याने पुकारली गेली होती.

आपल्यापैकी अनेकांची जात अशीच वर्गात पुकारली गेलेली असते. ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा’, या एका वाक्यात ते काम होतं. पुढे पुकारणारा नसला तरी आपण मनातल्या मनात स्वतःलाच पुकारत राहतो.

मी हे वाक्य एकदा वहीत जसंच्या तसं लिहून काढलं, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माझ्या घरी वऱ्हाडी बोलतात. माझी आई मला ‘तुले’ म्हणते. डोक्यातलं वाक्य मात्र ‘तुला’ म्हणतं. ते शुद्ध, पुस्तकी मराठीत येतं. म्हणजे ते माझ्या घरातलं नाही, माझ्या आईचंही नाही. ते वर्गातून आलं आहे. इथल्या एका पंजाबी दलित मैत्रिणीला हे सांगितलं, तर तिच्या डोक्यातही तेच वाक्य निघालं, फक्त पंजाबीत : ‘तैनूं की पता?’ दोन प्रांतांतल्या दोन मुलींच्या मनात एकच वाक्य असेल, तर तो दोघींचा स्वभावदोष कसा?

आंबेडकरी चळवळीने हे फार आधी ओळखलं होतं. एकेकाळी महारांनी गावात ‘जोहार’ घालायचा असे. आपण खालचे आहोत, हे आपल्याच तोंडाने रोज म्हणायचं. त्याच्या जागी ‘जय भीम’ आलं. कामठीच्या बाबू हरदासांनी ते रुजवलं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं की, जातीची ओळख पटवणारी लुगडं नेसायची पद्धत आणि दागिने सोडा. १९५६ मध्ये नागपूरला बावीस प्रतिज्ञा लाखोंनी एकत्र उच्चारल्या. बोलणं, नेसणं, खाणं या रोजच्याच सवयी होत्या. पण त्या आरशासमोर एकट्याने करायच्या नव्हत्या. त्या चारचौघांत, मोठ्याने आणि एकमेकांच्या साक्षीने बदलायच्या होत्या.

पंचकुलापासून फार दूर नसलेल्या रोपड जिल्ह्यातले कांशीराम नोकरीसाठी पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत गेले. तिथे बुद्धजयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या, तेव्हा दीनाभाना हे चतुर्थश्रेणी कर्मचारी विरोधात उभे राहिले आणि निलंबित झाले. कांशीराम त्यांच्या पाठीशी उभे राहिले. डी. के. खापर्डे यांनी त्यांच्या हाती ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ दिलं. एकाचं धाडस, दुसऱ्याची साथ आणि तिसऱ्याने दिलेलं पुस्तक, यातून पुढे बामसेफ उभी राहिली.

‘म्हणजे सगळा दोष समाजाचा, आपण काही करायचंच नाही का?’ असं कोणी विचारेल. करायचं आहे, आणि रोज करायचं आहे. मला तीन सवयी उपयोगी वाटतात.

पहिली, वाक्याचा मालक शोधायचा. ते जसंच्या तसं लिहायचं आणि शेजारी लिहायचं की ते पहिल्यांदा कुठे, कोणाच्या तोंडून ऐकलं.

दुसरी, ते वाक्य आपल्यासारख्याच आणखी एकाला तरी सांगायचं. मनात ठेवलं की ते खरं वाटू लागतं. दुसऱ्याच्याही तोंडून तेच ऐकलं की त्याचा धाक कमी होतो.

तिसरी, जिथे अपमान खरोखर झाला आहे तिथे मन सुधारत बसायचं नाही, अर्ज लिहायचा. रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला आणि डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये. आपली मुलं मनाने कमकुवत होती, हे त्यांच्या आयांनी मान्य केलं नाही. राधिका वेमुला आणि अबेदा तडवी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाचे भेदभावविरोधी नियम २०१२ पासून आहेत, मग ते पाळले का जात नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. मुलांच्या मनाकडे दाखवलं जाणारं बोट त्यांनी संस्थांकडे वळवलं.

सकारात्मक विचारांनी वसतिगृहातली जात जात नाही. पण आतलं वाक्य आपलं नाही हे कळलं, तर अर्ज लिहिणारा हात थरथरत नाही. मनाच्या सवयी बदलण्याचा मला दिसणारा उपयोग हाच आहे. ‘जोहार’ही काही एका सकाळी सुटला नव्हता. तोवर वही, सोबत आणि अर्ज, तिन्ही चालू ठेवू या.

जय भीम.