काठावरच्या बाभळी आणि आपली पाखरं

नांदुऱ्याच्या एका वाचक भगिनीनं विचारलंय : "सकाळी ज्ञानगंगेच्या काठानं फिरायला जाते. झाडांवर नाना तऱ्हेची पाखरं दिसतात, पण चिमणी-कावळ्यापलीकडे नाव सांगता येत नाही. आता या वयात शिकता येईल का? घरची मंडळी म्हणतात, हे रिकामपणाचे उद्योग!"

ताई, जरूर शिकता येईल. डाळीतला खडा लांबून टिपणाऱ्या नजरेला पाखरू ओळखणं काय अवघड? आणि दिवसभर सगळ्यांच्या पुढ्यात ताट वाढणाऱ्या बाईनं सकाळचा अर्धा तास स्वतःसाठी ठेवला, तर तो रिकामपणा नव्हे.

तुमची जागाही छान आहे. आपल्या या कोरड्या मुलखात शेतं मोकळी असतात. बाभूळ, करंज, उंबर अशी झाडी टिकते ती नदी-नाल्यांच्या काठाला. उन्हाळ्यात पात्र आटून डबकी उरली, की पाखरं तिथंच गोळा होतात. त्यांना शोधत हिंडावं लागत नाही.

सुरुवात अशी करा. उजाडताच निघा. सोबतीला शेजारीण असू द्या. भडक रंगाचं लुगडं-साडी नको. मातकट, हिरवट बरी. दुर्बिणीवाचून अडत नाही. एका जागी दहा मिनिटं गप्प उभ्या राहा, पाखरं आपणहून बाहेर येतात. आधी आकार पाहा : चिमणीएवढं, साळुंकीएवढं की कावळ्याएवढं? मग चोच, शेपूट आणि सवय. रंग उन्हात फसवतो, सवय फसवत नाही.

सवयीवरून ओळख. तारेवरून झेप घेऊन हवेतच माशी पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो, तो हिरवा वेडा राघू. पाण्याकाठी तपकिरी डोकं, पांढरा गळा, निळी पाठ आणि लाल दणकट चोच दिसली, तर तो खंड्या. हे दोघेही काठाच्या मातीत बीळ करून अंडी घालतात. रेतीत तुरुतुरु पळून ओरडणारी टिटवी. ती उघड्या जमिनीवर खड्यांतच अंडी घालते, तेव्हा पाऊल जपून टाका. झुडपाखाली कलकलाट करत टोळीनं उड्या मारतात ते सातभाई. गुरांच्या पाठीवर बसलेला काळा, दुभंगलेल्या शेपटीचा तो कोतवाल. हिवाळ्यात शेपटी सारखी खालीवर हलवणारा धोबी येतो. ज्वारीवर थव्यानं उतरणाऱ्या गुलाबी-काळ्या भोरड्या तर मध्य आशियाकडून आलेल्या पाहुण्या.

आता सुगरणीचं. पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या काटेरी बाभळीला खोपे लटकतात. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे हा खोपा घरोघरी ठाऊक. नाव बाईचं असलं तरी खोपा विणतो नर! पिवळ्या डोक्याचा हा गडी गवताचे धागे ओढून खोपा निम्मा करतो, मग मादी येऊन आत-बाहेर पारखून बघते. पसंत पडला तर पुढचं काम, नाहीतर मेहनत वाया! पसंती मिळाली, की राहिलेला खोपा पुरा करून महाशय दुसरीसाठी नवा विणायला घेतात. अंडी उबवणं मात्र एकट्या मादीकडे. वाचून हसू आलं ना?

म्हणूनच एक कळकळीची विनंती. बैठकीच्या शोभेसाठी खोपा तोडून आणू नका, मुलांनाही आणू देऊ नका. रिकामा वाटला तरी नको; सोडलेल्या खोप्यात मुनियांसारखी लहान पाखरं बिऱ्हाड करतात. पाखरांची घरटी-अंडी मोडणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आणि काठावरची बाभूळ सरपणाला तोडली, तर खोप्यांची सबंध वस्तीच जाते. चुलीला दुसरी काटकी मिळेल, सुगरणीला पाण्यावर झुकलेली दुसरी फांदी लवकर मिळत नाही.

घरी काय कराल? मुलांच्या जुन्या वहीत चार रकाने आखा : तारीख, जागा, आकार, सवय. नाव नंतर लिहिलं तरी चालेल. सासूबाईंना, शेतावरच्या बायांना विचारा. गावाकडची नावं त्यांच्याच तोंडी आहेत, ती टिपून ठेवा. मराठी नावांसाठी कै. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' वाचनालयात मागा. त्यांचा वाढदिवस ५ नोव्हेंबर, डॉ. सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या दिवसांत मुलांना घेऊन बुलढाणा-खामगाव वाटेवरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात एक रविवार काढता येईल. १९९७ साली जाहीर झालेलं सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं हे रान तुमच्याच नदीच्या नावाचं आहे.

उन्हाळ्यात अंगणात सावलीला मातीचं पसरट परळ ठेवा. पाणी दोन बोटं खोल पुरे. रोज घासून बदला, नाहीतर डास होतात. मांजर दबा धरील अशा आडोशाजवळ मात्र ठेवू नका.

आणि घरच्यांचं? टीका करणाऱ्यांपैकी एकाला उद्या बरोबर घेऊन जा. खंड्याची निळी झेप एकदा दिसली, की परवा तेच तुम्हाला हाक मारून उठवतील.