मंडळीच्या हातातले पुस्तक : मराठी प्रार्थनापुस्तकांचा विसरलेला इतिहास

१/ मराठी मुद्रणाचा विषय निघाला की आपण थेट १८३२ च्या ‘दर्पण’पाशी जाऊन थांबतो. बाळशास्त्री जांभेकरांचे स्थान वादातीत आहे. पण त्याआधी आणि त्यानंतरही मराठीत सातत्याने छापला गेलेला एक ग्रंथप्रकार आपल्या नजरेतून निसटतो. तो म्हणजे ख्रिस्ती मंडळ्यांसाठी तयार झालेली प्रार्थनापुस्तके, धर्मप्रश्नोत्तरी आणि गीतसंग्रह. आजचा धागा त्यांच्याविषयी आहे.

२/ माझे मत प्रथमच सांगून टाकतो. ही पुस्तके केवळ एका धर्मसमाजाची खासगी मालमत्ता नाहीत, ती मराठी भाषेच्या इतिहासाची अस्सल साधने आहेत. आणि त्यांचे मोल किती प्रती छापल्या वा वाटल्या यावरून ठरवू नये. ज्यांच्यासाठी ती छापली, त्या माणसांनी ती आपली मानली काय, यावरून ठरवावे.

३/ या निकषाची गरज का? मिशनरी संस्थांचे जुने अहवाल आकड्यांनी भरलेले असतात. इतकी पाने छापली, इतक्या पुस्तिका वाटल्या. वाटलेले पुस्तक वाचले गेलेच असे नाही, आणि वाचलेले पुस्तक मनात उतरले असेही नाही. प्रार्थनेचे पुस्तक तर वाचून बाजूला ठेवण्यासाठी नसतेच. ते रोज म्हणण्यासाठी असते. वारकऱ्याच्या घरातला हरिपाठ आठवा, म्हणजे माझे म्हणणे ध्यानात येईल.

४/ आता काळाच्या ओघात मागे जाऊ. गोव्यात १५५६ साली छापखाना आला. त्यातून निघालेली आरंभीची पुस्तके प्रामुख्याने पोर्तुगीज आणि लॅटिन भाषांत होती. भारतीय लिपीत भारतात छापलेले पहिले पुस्तक मानले जाते ते १५७८ साली कोल्लम येथे निघालेले तमिळ ‘तंबिरान वणक्कम’. हेन्रीक हेन्रीकेस या जेझुइट पाद्रीने सिद्ध केलेली ती प्रार्थना आणि धर्मतत्त्वांची पुस्तिका होती. म्हणजे आपल्या देशातील देशी मुद्रणाचा आरंभच मंडळीच्या गरजेतून झाला.

५/ पुढच्याच वर्षी, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. पुढची सुमारे चाळीस वर्षे, मृत्यूपर्यंत, तो या भूमीत राहिला. १६१६ साली रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, दोन भाग : पहिले पुराण आणि दुसरे पुराण. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन.

६/ लिपी रोमन का? कारण खिळे नव्हते. स्टीफन्सने १६०८ साली रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना लिहून देशी लिपीतील छपाईसाठी परवानगी मागितली होती. जोडाक्षरे आणि मात्रा धरल्या तर लागणाऱ्या ठशांची संख्या शेकड्यांत जाते; रोमनला दोन-अडीच डझन पुरतात. तंत्राने अडवले, तरी त्याने भाषा सोडली नाही. हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो.

७/ त्याहून महत्त्वाचा निर्णय छंदाचा. ग्रंथात एक प्रसंग आहे : धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही सोडायला लावलीत, मग त्यांच्या जागी तसे दुसरे काही देत का नाही? ही तक्रार वाचकाची आहे. प्रश्नोत्तरी पाठ करून डोके भरते, मन रिकामेच राहते, असे तो सुचवतो. स्टीफन्सचे उत्तर म्हणजे हे पुराण. ओवी हा छंद त्याने निवडला, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच योजला.

८/ येथे थांबून एक कटू सत्य मांडणे आवश्यक आहे. ज्या सासष्टीत हा ग्रंथ लिहिला गेला, तेथील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावकऱ्यांच्या प्रमुखांचीही हत्या झाली. गोव्यात धर्मन्यायालय १५६० पासून होते. त्या ब्राह्मणाच्या तोंडचा ‘पूर्वीची पुराणे सोडायला लावलीत’ हा उल्लेख या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. ओव्यांच्या गोडव्याने हा इतिहास पुसला जात नाही, आणि कुणी तसा पुसू नये.

९/ मग या पुस्तकाला ‘सत्तेचे हत्यार’ म्हणून मोकळे व्हावे काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण पुढच्या घडामोडींत आहे. १६२२ साली स्टीफन्सची कोंकणी ‘दौत्रीन क्रिस्तां’ त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६४९ आणि १६५४ साली आणखी आवृत्त्या निघाल्या. आणि १६८४ साली त्याच पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे! सत्तेला ही भाषा नकोशी झाली होती. पुढे गोव्यात छापखाना बंद पडला, तो पुन्हा सुरू झाला १८२१ साली.

१०/ ‘ख्रिस्तपुराणा’च्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. तरी ग्रंथ उरला. कसा? लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती समाजात त्याच्या हस्तलिखित प्रती टिकल्या. अशाच प्रतींच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून तो पुन्हा प्रसिद्ध केला. सत्तेने छापले ते नाहीसे झाले. वाचकांनी जपले ते राहिले. वर सांगितलेला निकष मी येथूनच घेतला आहे.

११/ आता एकोणिसाव्या शतकात येऊ. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत पोचले आणि १८१७ साली त्यांच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका निघू लागल्या. थॉमस ग्रॅहम या कारागिराने तेथे सुबक देवनागरी अक्षरे घडवली. हे काम पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा शिळाप्रेस उभारला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. ‘निर्णयसागर’चे संस्थापक जावजी दादाजी यांनी लहानपणी अक्षरांच्या कामाचे पहिले धडे याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात गिरवले.

१२/ गंमत पाहा. एका धर्माच्या पुस्तकांसाठी घडवलेले कसब दुसऱ्या धर्माच्या पोथ्यांना उपयोगी पडले. ‘निर्णयसागर’ने छापलेले संस्कृत ग्रंथ देशभर प्रमाण मानले गेले. म्हणून ‘ख्रिस्ती मुद्रण’ आणि ‘आपले मुद्रण’ असे दोन वेगळे कप्पे करणाऱ्या इतिहासलेखनाशी माझे पटत नाही. खिळे जुळवणाऱ्या हातांना हे कप्पे ठाऊक नव्हते.

१३/ मात्र एक भेद जरूर करावा. त्या काळी मिशनरी छापखान्यांतून दोन प्रकारचे साहित्य निघे. एक वादाचे : परधर्माची उणीदुणी काढणारे. त्याला प्रत्युत्तरेही तितकीच जोरदार मिळाली. १८३१ साली मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सन यांच्याशी वाद घातला. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी चर्चा केल्या. दुसरे साहित्य उपासनेचे : जे आधीच मंडळीत होते त्यांच्या रोजच्या प्रार्थनेसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, लग्नकार्यासाठी आणि मरणाच्या प्रसंगासाठी.

१४/ आपले अभ्यासक पहिल्या प्रकारावर भरभरून लिहितात, कारण वादात नाट्य असते. दुसरा प्रकार दुर्लक्षित राहतो, कारण तो शांत असतो. पण एखादा समाज कसा घडला हे जाणायचे असेल तर तो इतरांशी काय भांडला यापेक्षा संध्याकाळी दिवा लावल्यावर काय म्हणत होता, हे अधिक सांगून जाते.

१५/ आणि काय म्हणत होता? आरंभीच्या मराठी ख्रिस्ती गीतांत भाषांतरे पुष्कळ होती : इंग्रजी चाली, त्यांत बसवलेले मराठी शब्द. ही अडचण अहमदनगर भागातील मराठी ख्रिस्ती मंडळींनीच ओळखली. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी मराठी चालींवर गीते रचली, ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली. स्टीफन्सला अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी जो प्रश्न विचारला होता, तोच पुन्हा उभा राहिला होता.

१६/ त्याला सर्वांत समर्थ उत्तर दिले नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १९१९ साली ते गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी अभंग, भजने, उपासनागीते यांचा असा प्रवाह निर्माण केला की ‘उपासना संगीत’ हा मराठी मंडळ्यांचा गीतसंग्रह त्यांच्या रचनांवाचून कल्पिता येत नाही. १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’तही त्यांनी लेखन-संपादन केले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत येता येते, ही त्यांची धारणा होती.

१७/ टिळकांना आपण ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून शाळेत शिकतो. त्यांची उपासनागीते मात्र वाङ्मयेतिहासात एखाद्या परिच्छेदापुरती येतात. रविवारी शेकडो कंठांतून गायली जाणारी कविता साहित्य नव्हे, आणि ग्रंथालयात धूळ खाणारी मात्र साहित्य, हा कुठला न्याय?

१८/ आता केडगावला जाऊ. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. संस्कृतच्या पांडित्यासाठी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, तिनेच संस्कृतचा भार उतरवावा, हे विलक्षण आहे. रमाबाई १९२२ साली वारल्या; ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. तो छापला मुक्ती मिशनच्या छापखान्यात, आणि तेथील काम करत होत्या आश्रमातल्या स्त्रिया.

१९/ क्षणभर त्या छापखान्याचा विचार करा. दुष्काळाने, वैधव्याने घराबाहेर फेकल्या गेलेल्या मुली तेथे अक्षर ओळखायला शिकल्या, खिळे जुळवायला शिकल्या. ज्यांच्यासाठी पुस्तक होते, त्यांच्याच हातून ते छापले गेले. यात वाचक आणि प्रकाशक यांतले अंतर जवळजवळ उरलेच नाही. धर्मग्रंथाच्या प्रकाशनाची याहून उंच पातळी मला ठाऊक नाही.

२०/ कॅथलिक मंडळ्यांत हे वळण उशिरा आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेला वाट मोकळी केली. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होई. वसईसारख्या भागात, जिथे घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते, तिथे प्रमाण मराठीतील उपासना हाही एक नवा प्रवास होता. ‘सुवार्ता’ मासिकाने या समाजाला लिहिते केले, आणि त्याचे दीर्घकाळ संपादक असलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१३ साली साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्काराला पात्र ठरले.

२१/ चार शतकांचा हा आलेख पाहिला की एक सूत्र हाती लागते. पुस्तक वरून खाली दिले गेले तेव्हा ते पाठ झाले, पण रुजले नाही. लोकांच्या छंदात, लोकांच्या शब्दांत आले तेव्हा ते टिकले. म्हणून आज मंडळ्यांसाठी प्रार्थनापुस्तके काढणाऱ्यांना माझे सांगणे आहे : घाईने केलेली भाषांतरे आणि मुद्रितशोधनावाचून मोबाइलवर फिरणाऱ्या पुस्तिका यांनी हा वारसा चालणार नाही. पैसा कागदाच्या गुळगुळीतपणावर थोडा कमी आणि भाषेवर थोडा अधिक खर्च करा. आवृत्तीचे साल आणि गीतकाराचे नाव तर कधीच गाळू नका.

२२/ आणि तरुण मित्रांनो, एक काम तुमच्यासाठी. प्रार्थनापुस्तक वापरून वापरून झिजते. पाने सुटली की टाकून दिले जाते. सर्वांत लाडके पुस्तक सर्वांत आधी नाहीसे होते, हे ‘ख्रिस्तपुराणा’च्या छापील प्रतींनी दाखवून दिले आहे. आपल्या वा शेजारच्या घरात, गावच्या चर्चच्या कपाटात असे जुने पुस्तक असेल तर परवानगी घेऊन त्याची छायाचित्रे घ्या. मुखपृष्ठ, छापखाना, साल, किंमत आणि समासात कुणी पेन्सिलीने लिहिलेली टिपणेही टिपून ठेवा. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, कोणत्याही घरातले असले तरी चालेल.

२३/ किल्ल्यांचे बुरूज ढासळू लागले की आपण आवाज उठवतो, आणि उठवायलाच हवा. आजीच्या उशाशी असलेल्या, दोऱ्याने शिवलेल्या, दहा-वीस पानांच्या पुस्तिकेसाठी कुणी आवाज उठवत नाही. पण त्या पानांत एका समाजाचे शब्द आहेत, चाली आहेत, मागणी आहे. ती पुस्तिका पुढच्या झाडलोटीत जाण्याआधी उघडून पाहा, एवढेच मागणे.

(धागा समाप्त)