मरळ म्हणजे लंगफिश नव्हे



नळगंगेच्या आटत्या चिखलात सापडलेली मरळ ‘लंगफिश’ (फुप्फुसमासा) असल्याचे आपल्या अंकातील पत्र वाचले. हे साफ चुकीचे आहे. मरळ हवेतला प्राणवायू घेते, पण फुप्फुसाने नव्हे. कल्ल्यांच्या वरच्या पोकळ्यांतील रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अस्तरातून. तिथे शुद्ध झालेले रक्त अशुद्ध रक्तात मिसळूनच हृदयात परतते. लंगफिशचे फुप्फुस अन्ननलिकेच्या खालच्या बाजूने उघडते आणि तिथले रक्त स्वतंत्र शिरेने हृदयाच्या डाव्या भागात येते. हा फरक किरकोळ कसा म्हणायचा? आफ्रिकी लंगफिश तर पाणी आटले की श्लेष्माच्या कवचात पडून राहतो आणि विषारी अमोनियाऐवजी शरीरात युरिया साठवतो.

आज लंगफिशच्या 6 जाती आहेत: आफ्रिकेत 4, दक्षिण अमेरिकेत 1, ऑस्ट्रेलियात 1. भारतात उरले ते जीवाश्म. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात मालेरीच्या ट्रायासिक खडकांत सेराटोडस या लंगफिशचे दात सापडले. 1859 मध्ये भूवैज्ञानिक ओल्डहॅम यांनी त्यातील एका जातीला नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांचे नाव दिले. विदर्भाला अभिमान वाटावा असे हे आहे!

ते पत्र शाळांतून वाचले जात आहे. कृपया दुरुस्ती ठळक छापावी.

– प्राणिशास्त्राचा एक शिक्षक, मोताळा (जि. बुलढाणा)