मीटरला काय करायचंय?

धामणकर नाक्यावर रिचार्ज मारणाऱ्या माणसाने डेटाचे पैसे आगाऊ भरलेले असतात. त्यात तो यूट्यूब बघेल, ग्रे कापडाचे फोटो व्यापाऱ्याला पाठवेल, नाहीतर रात्रपाळीत लुडो खेळेल. पैसे घेतले, विषय संपला. टेलिकॉम कंपन्यांचा मात्र संपत नाही. त्यांची संघटना सीओएआय गेली काही वर्षं म्हणतेय की मोठ्या अ‍ॅप्समुळे नेटवर्कवर भार येतो, तेव्हा त्यांनी आम्हाला ‘फेअर शेअर’ द्यावा. म्हणजे टेम्पोवाल्याने भाडं तुमच्याकडून घ्यायचं आणि वर तागे विणणाऱ्यापुढेही हात पसरायचा! व्हिडिओ काय आपणहून येतो? आपण मागवतो म्हणून येतो.

भिवंडीत 2007 पासून वीज टोरंट देते. मीटर युनिट मोजतं. माग कुठल्या बनावटीचा, कापड कोण घेणार, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आता कुणी म्हणेल, यंत्रमागाला विजेचा दर वेगळा आहेच की. आहे. पण दर वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेऊन ठरवतो, सवलतीचा भार सरकार उचलतं, आणि ती त्या वर्गातल्या सगळ्या मागांना मिळते. वितरकाने मेव्हण्याच्या मागाला फुकट वीज द्यायची सोय त्यात नाही.

ही मेव्हण्याची सोय इंटरनेटवर येऊन गेलीय. फेब्रुवारी 2015 मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर मोजक्या साइट्स फुकट द्यायला सुरुवात केली, पहिल्या सहा राज्यांत आपला महाराष्ट्रही होता. पुढे त्याचं नाव झालं ‘फ्री बेसिक्स’. आत कुठल्या अटींवर यायचं ते फेसबुक ठरवणार. गरिबांचा कळवळा वगैरे जाहिरातीत भरपूर. ट्रायने 8 फेब्रुवारी 2016 ला साइट बघून डेटाचा दर बदलायला बंदी घातली. मोडलं तर दिवसाला 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख दंड. (या कंपन्यांना 50 लाख म्हणजे चहापाणी, पण असो.)

‘फेअर शेअर’ हे तेच, मागच्या दाराने. फक्त मोठ्यांकडूनच घेऊ, असं सांगतात. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून विचारतो: पैसे भरणारा मोठा बदल्यात काहीच मागणार नाही? तो वेग मागेल. मग मागवाल्यांच्या उधारीची नोंद ठेवणारं एखादं अ‍ॅप कुणी दोन पोरांनी काढलं, तर ते त्याच्या मागे रांगेत. दक्षिण कोरियात नेटवर्कचा खर्च परवडेना म्हणून ट्विचने फेब्रुवारी 2024 मध्ये गाशा गुंडाळला. ट्विच अ‍ॅमेझॉनची आहे, कुणा दोन पोरांची नाही.

टॉवरला, 5जीला खर्च येतो, मान्य. मग दर वाढवा. जुलै 2024 मध्ये वाढवलेतच. ती वाढ आम्हाला दिसते, शिव्या घालता येतात, नंबर पोर्ट करता येतो. अ‍ॅपकडून केलेली वसुली सबस्क्रिप्शनच्या दरात मुरून येईल, आणि ती कुणी किती घेतली हे बिलावर कुठेच छापलेलं नसेल.