शंभर नमुने आणि एक नजर

हल्ली डिझायनर मंडळींना जो तो विचारतो, "एआय आलं, आता तुमचं काय होणार?" मला अशा वेळी कमल शेडगे (१९३५-२०२०) आठवतात. पेपरातली नाटकाची जाहिरात ती केवढीशी! पण त्यांनी काढलेल्या अक्षरांच्या वळणावरून नाटक गंभीर की विनोदी, याचा अंदाज यायचा.

आज यंत्राला नुसतं सांगा, शंभर नमुने हजर. २०२२ मध्ये मिडजर्नी, डॅल-ई २ आले तेव्हा देवनागरीची पार दैना व्हायची. काना-मात्रा भलतीकडेच, जोडाक्षरं तर विचारूच नका. आता ते बरंच सुधारलंय. म्हणजे 'यंत्राला हे जमणार नाही' या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

मग डिझायनरने करायचं काय? माझ्या मते, निवड! नव्याण्णव नमुने सुंदर असूनही या नाटकाचे नाहीत आणि हा एक आहे, हे ठरवायला नाटक कळावं लागतं, बघणारा माणूस कळावा लागतो.

काळजी आहे ती पुढेच. ही नजर येते कुठून? उमेदवारीत ढिगाने कच्चे नमुने काढून आणि त्यातले बहुतेक वरिष्ठांनी बाद केल्यावर! नेमकी हीच कामं आता यंत्राकडे चाललीत. आजच्या जाणत्यांचं निभेल हो, पण नवशिक्यांचं? त्यांना हाताने काढायला, चुकायला वाव ठेवला नाही, तर उद्या नमुने शंभर असतील आणि निवडणारा कुणी नसेल.