युद्धकाव्यातील सैनिक : तेज आणि तात्पर्य

मराठी युद्धकाव्यातील सैनिकाच्या दुःखाचा विचार बहुधा वीररसाच्या चौकटीतच होत आला आहे. या दृष्टीने नेसरीच्या प्रसंगावरील (१६७४) कुसुमाग्रजांची प्रसिद्ध कविता आणि गोविंदाग्रजांचा 'पानपतचा फटका' एकत्र वाचणे उद्बोधक ठरते.

पहिल्या कवितेच्या मुळाशी सरनौबत प्रतापराव गुजरांच्या जिव्हारी लागलेला महाराजांचा ठपका आहे. उरलेले सहा जण त्या ठपक्याचे धनी नव्हते. त्यांची अगतिकता मात्र स्वामिनिष्ठेच्या तेजाआड झाकली जाते. फटका हा मुळातच उपदेशपर काव्यप्रकार. साहजिकच १७६१ चा संहार तेथे पुढील पिढ्यांसाठी धडा होतो आणि रसद तुटून अन्नान्नदशा झालेला शिपाई त्या धड्यामागे राहतो. सैनिकाला नकाराचा अधिकार दोन्हीकडे नाही. तरीही कुसुमाग्रजांची कविता अधिक सच्ची ठरते; कारण ती मरणाला तात्पर्य चिकटवीत नाही.

रायगडच्या किनाऱ्याला हा प्रश्न परका नाही. १६७९ च्या खांदेरीच्या झुंजीतून मायनाक भंडारी, दौलतखान ही नावे उरली. वल्ही मारणारे हात निनावीच राहिले. युद्धकाव्याच्या समीक्षेने आता त्या हातांचा शोध घेतला पाहिजे.