सोयाबीनची तासं किती फुटावर, हे कोण ठरवणार?



मृगाचा पाऊस झाला की कोरपना तालुक्यात ट्रॅक्टरचा नंबर लावायची धावपळ सुरू होते. वाफसा आला की त्याच दोन-तीन दिवसांत अख्ख्या गावाला पेरायचं असतं. यंत्राचे फण ज्या अंतरावर बसवलेले असतील, त्याच अंतरावर आपलं सोयाबीन पडतं. शेजाऱ्याच्या बरड वावरात एका फुटावर पडलं, माझ्या भारी काळ्या जमिनीतही एका फुटावरच. फण सैल करून सरकवायला फार वेळ लागत नाही, पण तेवढा वेळ मागायचीही भीती वाटते. नंबर गेला आणि मागून झड लागली तर काय करायचं? तीन-साडेतीन महिन्यांच्या पिकाचा पाया असा घाईत घातला जातो आणि त्यावर कुठे चर्चा होत नाही, म्हणून हे पत्र.

कृषी विद्यापीठांची शिफारस जुनीच आहे. दोन ओळींत 45 सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट, आणि दोन झाडांत 5 सेंटिमीटर. या हिशेबाने एकरात सुमारे 1 लाख 80 हजार झाडं बसतात. आता प्रत्येक फणातून पडणारं बी तेवढंच ठेवून ओळी एका फुटावर आणल्या, तर झाडं होतात 2 लाख 70 हजार. बियाणं दीडपट, खर्चही दीडपट. उतारा मात्र दीडपट होत नाही, कारण सोयाबीन जागा मिळाली की फांद्या फोडतं आणि दाटी झाली की नुसतं उंच वाढतं. शेंगा वरच्या शेंड्याला, खाली पिवळी पडून गळालेली पानं, आणि ऑगस्टच्या वाऱ्या-पावसात लोळलेलं पीक. माझ्या वावरात मी हे पाहिलं आहे. त्या वर्षी फवारणीला मधून चालता येत नव्हतं, पाय टाकावा तिथे झाड मोडत होतं. शेजारच्या दीड फुटाच्या तासांत मात्र दोन वेळा डवरा फिरला होता.

जवळच्या ओळींची बाजू घेणारे अमेरिकेचं उदाहरण देतात. तिथे ओळी जवळ आणल्याने उत्पादन वाढलं, हे खरं आहे. पण तिथे मक्याच्या यंत्रामुळे सोयाबीनच्या ओळी 30 इंचांवर पडत होत्या, त्या 15 इंचांवर आणल्या, तेव्हा फायदा दिसला. आपला दीड फूट म्हणजे 18 इंच. त्यांनी ज्याला जवळचं अंतर म्हटलं, त्याच्या आसपास आपण तिफनीच्या काळापासूनच आहोत. ओळींमधली जमीन पानांनी लवकर झाकावी, ऊन मातीवर वाया जाऊ नये, तण दबावं, एवढाच त्यामागचा हेतू. भारी जमिनीत वेळेवर पेरलेलं, पसरणारं वाण दीड फुटावरही ती जमीन झाकून टाकतं.

एक फूट नेहमीच चुकीचं, असं माझं म्हणणं नाही. पाऊस लांबून पेरणी जुलैत गेली तर सोयाबीन लवकर फुलावर येतं, झाड ठेंगणं राहतं आणि दीड फुटाची तासं शेवटपर्यंत मिळत नाहीत. हलकी, मुरमाड जमीन असेल, किंवा जेएस 20-34 सारखं 90 दिवसांच्या आत निघणारं बुटकं वाण असेल, तर ओळी जवळ घ्याव्यात. मात्र तेव्हा ओळीतलं बी विरळ सोडलं पाहिजे. ओळींमधलं अंतर आणि एकरातली झाडं हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि आपण ते एकच धरतो. उलट फुले संगमसारखं उंच, फांद्या फोडणारं वाण एका फुटावर दाट पेरणं म्हणजे त्या वाणाचा गळा दाबणं आहे.

बियाण्याचंही तसंच. एकराला 30 किलो, हे आपल्या तोंडात बसलं आहे. शंभर दाणे 12 ग्रॅम भरले तर 30 किलोत अडीच लाख दाणे येतात. उगवण 70 टक्के, म्हणजे प्रमाणित बियाण्याची किमान मर्यादा धरली, तर झाडं होतात पावणेदोन लाख. म्हणजे ते 30 किलो किमान उगवणीचं गणित आहे. घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून पाहिले आणि 85 उगवले, तर 25 किलोत काम भागतं. दाणा बारीक असेल तर आणखी कमी लागतं.

2023 च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात सोयाबीन बघता बघता पिवळं पडलं. मोझॅक पांढऱ्या माशीने पसरवला आणि मूळकुज, खोडकुज त्यात भर घालून गेली. तो रोग दाट पेरणीने आला असं मी म्हणणार नाही, विरळ शिवारंही वाळली. पण जिथे आत माणूस शिरू शकत नव्हता, तिथे खालच्या पानांवरची माशी वेळेवर दिसली नाही आणि फवाराही तिथवर पोचला नाही.

आपल्याकडे बैलजोड्या कमी झाल्या, निंदायला बाया मिळत नाहीत, म्हणून तणनाशकावर भिस्त आली आणि डवऱ्याची वाटच नको म्हणून ओळी जवळ आल्या. ही अडचण मला कळते. त्यावर पट्टापेर हा बिनखर्चाचा मार्ग आहे. सात फणांच्या यंत्राचा एक फण बंद ठेवायचा, सहा ओळींनंतर एक तास मोकळं सोडायचं आणि तिथे सरी पाडायची. जादा पाणी त्या सरीतून निघून जातं, उघाडीत ओल टिकते, फवारणाऱ्याला वाट मिळते आणि सातव्या हिश्श्याचं बियाणं वाचतं.

कृषी विभागाकडे माझी मागणी एवढीच आहे. जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र सिंदेवाहीला, धानाच्या पट्ट्यात, आमच्यापासून दुसऱ्या टोकाला. म्हणून वरोऱ्याजवळच्या एकार्जुना संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन गडचांदूर–कोरपना रस्त्याला लागून एका शेतकऱ्याच्या वावरात एक फूट, दीड फूट आणि पट्टापेर असे तीन तुकडे एकाच वाणाचे, एकाच दिवशी पेरावेत. सोंगणीच्या वेळी गावकऱ्यांसमोर काटा लावावा. आणि मे महिन्यातच तालुक्यातल्या भाड्याने पेरणी करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांची एक दिवसाची बैठक घ्यावी. फण कसे सरकवायचे, बी किती सोडायचं, हे त्यांना यंत्रावर दाखवावं. वावर द्यायला कोणी तयार नसेल तर माझं घ्या.

– एक सोयाबीन उत्पादक, कोरपना, जि. चंद्रपूर